उतरवून घेतलेला खेळ कोणाचा?

सदलगा हे चिकोडी तालुक्यातील दूधगंगेकाठचे गाव. तेथील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर शोध घेतला, तर खिळे ठोकलेली लाकडी फळी सापडण्याचा संभव आहे. फळी किंचित उतरती ठेवावयाची आणि गोळी काठीने वर ढकलावयाची. ती खिळ्यांवर ठेचकाळत खाली येते व ज्या घरात अडकते, त्या घराचे गुण मिळतात. हेच बॅगाटेल. आजोबांची ही फळी नातवाच्या हाती येते, तेव्हा कोणाचीही परवानगी लागत नाही. त्याच घरातील आजचा मुलगा या खेळाचा वंशज, म्हणजे पिनबॉल, टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर डाउनलोड करून घेतो. तेव्हा मात्र स्थिती निराळी असते. ती कशी, हे समजून घेण्यासारखे आहे.

बॅगाटेल मूळचे अठराव्या शतकातील फ्रान्सचे. १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी त्याला गोळी उडविणारा स्प्रिंगचा दांडा जोडून पेटंट मिळविले. १९३१ मध्ये गॉटलीब कंपनीच्या ‘बॅफल बॉल’ने नाणे टाकून खेळावयाचे यंत्र लोकप्रिय केले. परंतु गोळी एकदा सुटली की सारा भरवसा दैवावर! म्हणून या खेळाला जुगार ठरवून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये बंदी घातली. ती १९७६ पर्यंत टिकली. दरम्यान, १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच हलणाऱ्या छोट्या पट्ट्या, आल्या. घसरणारी गोळी पुन्हा वर टोलविता येऊ लागली आणि खेळात कौशल्याला स्थान मिळाले.

खऱ्या यंत्रातील पोलादी गोळी सुमारे ८० ग्रॅम वजनाची असते आणि पटाचा उतार साधारण साडेसहा अंशांचा असतो. कन्सोलमध्ये यांपैकी काहीच नसते. असते ते केवळ गणित. उतार किती, वेग किती, कोणत्या कोनातून आदळल्यावर गोळी कोठे जाईल, याचा हिशेब यंत्र सेकंदाला अनेकदा करते आणि त्याप्रमाणे पडद्यावरील चित्र हलविते. गणिताला वजन नसल्यामुळे ते तारेवरून कोठेही पाठविता येते. हंगेरीतील झेन स्टुडिओजचा ‘पिनबॉल एफएक्स’ हा खेळ २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी असाच विकावयास आला. त्याला ना डबा, ना चकती.

मेख आहे ती येथेच. फारसाइट स्टुडिओज या अमेरिकी कंपनीच्या ‘पिनबॉल आर्केड’ या २०१२ च्या खेळात विल्यम्स व बॅली या नामांकित कंपन्यांची जुनी यंत्रे हुबेहूब उतरविली होती. त्यासाठी घेतलेल्या परवान्याची मुदत ३० जून २०१८ रोजी संपली आणि त्या पटांची विक्री थांबली. आधी पैसे भरलेल्यांचे पट त्यांच्याकडे राहिले; नव्या ग्राहकाला दार बंद झाले. त्याच वर्षी परवाना झेनकडे गेला. तेच पट झेनच्या खेळात हवे असतील, तर जुन्या ग्राहकालाही पुन्हा पैसे मोजावे लागले. पुढे २९ जुलै २०२४ रोजी एक्सबॉक्स ३६० चे दुकानच बंद झाले. पूर्वी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय तेवढी ठेवण्यात आली.

याचा अर्थ असा की, डाउनलोडसाठी पैसे देणाऱ्याला बहुधा वस्तू मिळत नाही; मिळते ती वापरण्याची परवानगी. शेतकऱ्याला हा भेद सांगावा लागत नाही. खंडाने कसलेली जमीन आणि उताऱ्यावर स्वतःचे नाव असलेली जमीन यांत पीक सारखेच येते, हक्क सारखा नसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२५ पासून विक्रेत्यांवर असे बंधन घातले आहे की, अशा व्यवहारात ‘खरेदी’ हा शब्द वापरावयाचा झाल्यास, ग्राहकाला परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

म्हणून हा खेळ वाईट ठरत नाही. नजर आणि हात यांचा मेळ घालण्याची मौज त्यात पुरेपूर आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. खेळ कोणाच्या खात्यावर नोंदला जातो? इंटरनेट नसताना तो चालतो काय? कन्सोल बदलल्यास तो पुढे नेता येतो काय? एवढे समजून घेतलेल्या घराची पुढे फसगत होणार नाही. आणि माळ्यावरची ती फळी कोणी मोडीत काढू नये; तिच्या परवान्याची मुदत कधी संपत नाही.