चिठ्ठ्या फाडल्या की चिप तापते

भाईंदरच्या आमच्या बचत गटात एकदा घोळ झाला. दोघींचे मिळून ३०० रुपये वहीत लिहिले आणि चिठ्ठ्या फाडून टाकल्या. मग १०० कोणाचे, २०० कोणाचे? दोघी महिनाभर बोलत नव्हत्या.

मोबाइलमधली चिप क्षणोक्षणी हेच करते. बेरीज ठेवते, आधीचे आकडे पुसते. १९६१ साली आयबीएमच्या रॉल्फ लँडॉअर यांनी सांगितलं, माहिती पुसली की थोडी तरी उष्णता बाहेर पडणारच. ती अगदी किरकोळ. आजच्या चिप त्याच्या कितीतरी पट वीज उष्णतेत घालवतात. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये यंत्रं थंड ठेवायलाही वेगळी वीज लागते.

१९७३ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी दाखवलं, की काही न पुसता, उलट पावली परत येता येईल असंही गणित करता येतं. स्वेटर उसवला की लोकर परत हाती येते ना? तशी अशा चिपमध्ये बरीचशी वीज पुन्हा वापरता येते. कातरलेलं कापड मात्र गेलंच.

पण चिठ्ठ्या जपायला डबा मोठा लागतो, कामही सावकाश होतं. म्हणून अशी चिप अजून प्रयोगातच आहे. आम्ही मात्र डबा घेतला.