कैद्याची चिठ्ठी आणि संगणकातील नोंद

ताप आला किंवा दाढ दुखू लागली, तर सामान्य नागरिक दवाखाना गाठतो. कैद्याला ते स्वातंत्र्य नसते. त्याने मदत मागायची आणि ती मागणी योग्य हाती, योग्य वेळी पोहोचेल यावर विसंबून राहायचे, एवढेच त्याच्या हाती असते. अमेरिकेतील अनेक तुरुंगांत यासाठी कैदी जी चिठ्ठी लिहितात तिला ते 'काइट' म्हणजे पतंग म्हणतात. सोडलेला पतंग कुठे उतरेल, याची खात्री कोण देणार?

ही खात्री देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये 'एस्टेल विरुद्ध गॅम्बल' खटल्यात सांगितले. कैद्याच्या गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने निषिद्ध ठरविलेली क्रूर शिक्षाच होय, असा तो निर्वाळा होता. तुरुंगातील आरोग्यसेवेच्या तेथील प्रमाणित निकषांनुसार, आजाराची लक्षणे सांगणारी चिठ्ठी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती आल्यापासून २४ तासांच्या आत कैद्याची प्रत्यक्ष तपासणी व्हावी, अशी अपेक्षा असते.

कागदी पद्धतीत चिठ्ठी कुलूपबंद पेटीत पडते, परिचारिका ती गोळा करते आणि निकडीनुसार क्रम लावते. अडचण पुढे येते. खटला सुरू असलेले बंदी सतत बराकी बदलतात, न्यायालयात जातात, काही दिवसांत सुटतात व पुन्हा येतात. माणूस एका इमारतीत आणि त्याची फाईल दुसरीकडे, अशी स्थिती होते. चिठ्ठी हरवली, तर ती आली होती हे सिद्ध करणेही कठीण.

संगणकीय आरोग्य नोंदींमुळे येथे मूलभूत फरक पडतो. विनंती नोंदविताच तिला दिनांक व वेळ चिकटते. ती कैद्याच्या जुन्या आजारांशी, चालू औषधांशी आणि ॲलर्जीच्या माहितीशी जोडली जाते. मधुमेही कैद्याने चक्कर येते असे लिहिले, तर परिचारिकेला त्याचे इन्सुलिन लगेच दिसते. मुदत उलटलेल्या विनंत्यांची यादी वेगळी काढता येते. कैद्याची बराक बदलली, तरी नोंद मागे राहत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या तुरुंगांत, त्यात प्रसिद्ध रायकर्स बेटही आले, २००८ ते २०११ या काळात ही पद्धत लागू झाली. तिचा उपयोग केवळ औषधोपचारापुरता राहिला नाही. सुमारे २ लाख ४५ हजार तुरुंगवासांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकांतकोठडीचा समावेश असलेले तुरुंगवास अवघे ७.३ टक्के होते. मात्र स्वतःला इजा करून घेण्याच्या ५३.३ टक्के घटना याच गटातील होत्या. विखुरलेल्या फायलींतून हे चित्र क्वचितच उभे राहिले असते.

तथापि यंत्र माणसाची जागा घेत नाही. पडद्यावर विनंती 'निकाली' दिसली म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. निरक्षर, मनोरुग्ण किंवा भाषा न जाणणाऱ्या बंद्याला टॅब्लेटवर तक्रार लिहिता येत नाही. त्याच्यासाठी तोंडी विनंतीची सोय हवीच. पहारेकऱ्यांना रोगाचा तपशील दिसता कामा नये. शिवाय वेळ ठरूनही कैद्याला दवाखान्यात नेणारा कर्मचारी नसेल, तर सारे व्यर्थ. न्यूयॉर्कमध्ये नेमके हेच घडले. वैद्यकीय भेटी चुकत असल्याने डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तुरुंग विभागाला कैद्यांना वेळेवर उपचार मिळवून देण्याचा आदेश दिला आणि मे २०२२ मध्ये त्याच विभागाला अवमानाबद्दल दोषी ठरविले.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. आजारी किंवा वैद्यकीय मदत मागणाऱ्या बंद्याची वर्दी विनाविलंब द्यावी व वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सूचना रोजच्या रोज नोंदवाव्यात, असे १८९४ च्या कारागृह अधिनियमातच म्हटले होते. 'ई-प्रिझन्स' प्रकल्पाने बंद्यांची माहिती संगणकावर आणली आहे. नोंदीमुळे विलंब लपत नाही, हा तिचा खरा लाभ. तो विलंब दूर करण्याची जबाबदारी मात्र डॉक्टर, परिचारिका आणि तुरुंग प्रशासन यांचीच राहते.