कोरणारी मोटर घरात आणण्यापूर्वी

शिवणयंत्राच्या शेजारी आता काही घरांत आणखी एक यंत्र येऊन बसलं आहे. संगणकात नक्षी भरायची, टेबलावर फळी आवळून बसवायची, की त्याची कोरणी आपल्या आपण फिरते आणि देव्हाऱ्याची जाळी, दारावरची पाटी, रांगोळीचा साचा कोरून देते. याला घरगुती सीएनसी म्हणतात. सांगाडा एकवेळ साधा चालेल. पण कोरणी गरागरा फिरवणारी मोटर, म्हणजे स्पिंडल, चुकला तर घराची झोप तरी जाते, नाहीतर पैसे तरी जळतात.

धाराशिव जिल्ह्यातलं जळकोट घ्या. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं, नळदुर्गच्या पुढचं गाव, तालुका तुळजापूर. देव्हाऱ्यांना गिऱ्हाईक मिळायला याहून बरी जागा कोणती? पण घराला घर लागून, दुपारी सासूबाई आडव्या झालेल्या, मुलांचा अभ्यास. मिक्सरचा आवाज सगळे सोसतात, कारण तो पाच मिनिटांचा. ही कोरणी एका जाळीला दोन-दोन तास घेते!

मिक्सरची आठवण उगाच काढली नाही. १९६० च्या दशकात मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांनी पत्नीचा परदेशी मिक्सर बंद पडला म्हणून आपल्या वाटणघाटणाला टिकेल अशी मोटर घडवली आणि ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला. सुताराच्या हातातल्या राउटरची मोटर मिक्सरच्याच जातीची, कार्बन ब्रशची. स्वस्त आणि ताकदवान, पण ब्रशची घासाघीस आणि आतल्या पंख्याचा वारा मिळून कानठळ्या बसवते. राहत्या घरात ती नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काय घ्यावं? नवशिकीला ४८ व्होल्टचा, ५०० वॉटचा छोटा स्पिंडल पुरतो. तो मिनिटाला १२,००० फेरे घेतो. ब्रश त्यालाही असतात, पण राउटरचा आरडाओरडा नाही. त्याच्या सोबतच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर बहुधा एक बारीक लाल खटका असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. प्लग लावण्यापूर्वी तो २३० वर आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी फट्‌कन आवाज येतो आणि डबा संपतो.

हीच गोष्ट परदेशातल्या भाच्याने प्रेमाने आणलेल्या मोटरची. अमेरिकेतली ११० व्होल्टची मोटर आपल्या २३० व्होल्टवर लावली तर दुप्पट दाबाने उष्णता चौपट होते, आणि भाच्याचं प्रेम धुरात जातं.

खरा शांत म्हणाल तर पाण्याने थंड होणारा ८०० वॉटचा स्पिंडल. पंखाच नाही, त्यामुळे नुसती गुणगुण. लाकूड कापल्याचा आवाज मात्र उरतोच, बरं का. हा तीन फेजचा असला तरी घरात तीन फेजची लाइन लागत नाही. व्हीएफडी नावाचा डबा घरच्या एका फेजचे तीन करतो आणि ५० सायकलची वीज ४०० पर्यंत नेऊन २४,००० फेरे देतो. म्हणून स्पिंडल आणि डबा दोन्ही २२० व्होल्टचे, जोडीचेच घ्या. स्पिंडल थेट भिंतीच्या सॉकेटला कधीही लावू नका, लगेच जळेल. डब्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट द्या, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. इथे काटकसर जिवावर बेतते.

पाणी मात्र बोअरचं नको, क्षार नळीत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालतो तेच पाणी घ्या; तेच तेच फिरत राहतं, त्यामुळे टंचाईच्या दिवसांतही अडत नाही. आधी पंप, मग स्पिंडल, हा क्रम मोडू नका.

आता आपल्याकडची वीज. शेतीपंप एकदम सुरू झाले की दिवे कसे मंदावतात, हे तुम्हाला काय सांगावं! आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून वहीत लिहा. २०० च्या खाली वारंवार जात असेल तर व्हीएफडी मध्येच बंद पडेल, कोरणी लाकडात रुतेल आणि फळी वाया जाईल. अशा घरी मोटरच्या दुप्पट ताकदीचा स्टॅबिलायझर घ्या, किंवा कामाची वेळ तरी बदला. घरच्या इन्व्हर्टरवर स्पिंडल चालवू नका. वीज गेली की आधी मशीनचं बटण बंद करा, मग मेणबत्ती शोधा.

आवाज आणखी मारायचा तर टेबलाखाली जाड रबर घाला आणि भिंतीच्या बाजूला जुनी गोधडी टांगा. यंत्रापासून मात्र हातभर लांब, भुसा आणि ठिणगी यांची मैत्री वाईट.

हे सामान बहुतेक घरबसल्याच मागवलं जातं. तेव्हा पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून मोटरच्या पाटीचा स्वच्छ फोटो मागवा, त्यावरचे व्होल्ट, वॉट, फेरे वाचा आणि मोटर चालतानाचा आवाज फोनवर ऐकवायला सांगा. एकसारखी गुणगुण हवी. मध्येच खरखर ऐकू आली तर बेअरिंग बरं नाही, दुसरं दुकान बघा.