खडकावरचा सरडा

दख्खनच्या पठारावर उघड्या कातळांवर राहणाऱ्या एका सरड्याला शास्त्रज्ञ 'सॅमोफायलस डॉर्सॅलिस' या नावाने ओळखतात. यातील पहिल्या शब्दाचा ग्रीक भाषेतील अर्थ 'वाळूची आवड असणारा' असा होतो. या जातीचे पहिले वर्णन ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये केले आणि १८४३ मध्ये फिट्झिंगरने तिच्या वंशाला हे नाव दिले. नाव टिकले, परंतु वाळूशी या प्राण्याचा काडीचाही संबंध नाही. त्याचा सारा जन्म दगडाच्याच आश्रयाने जातो.

बेळगावाहून पूर्वेकडे जाऊ लागले म्हणजे सह्याद्रीचा पाऊस मागे पडतो, झाडी विरळ होते आणि जमिनीतून कातळ डोके वर काढू लागतात. हंपीच्या परिसरातील ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा, बंगळूरजवळील नंदीचा डोंगर, वर्षाकाठी जेमतेम २०-२५ इंच पाऊस पडणारा रायलसीमेचा मुलूख आणि तेथून दक्षिणेस तमिळनाडूतील खडकाळ टेकड्या, हे या सरड्याचे राज्य. या पट्ट्याच्या ईशान्येस, पूर्व घाटात व मध्य भारताच्या काही भागांत, त्याचाच एक जवळचा भाऊबंद राहतो. घनदाट अरण्यात मात्र हा सरडा रमत नाही. त्याला तळपणारे ऊन हवे आणि उन्हापासून व शत्रूपासून लपण्यासाठी खडकाची भेगही हवी. जेथे या दोन्ही गोष्टी मिळतात तेथेच त्याची वस्ती असते.

त्याची शरीररचना या निवासाला साजेशी आहे. आपल्या कुंपणावर दिसणाऱ्या सरड्याचे अंग दोन्ही बाजूंनी दबलेले असते आणि मानेवर काटेरी तुरा असतो. खडकावरच्या सरड्याचे अंग वरून चपटे असून तसा तुरा त्याला जवळजवळ नसतोच. त्यामुळे अरुंद फटीतही तो सहज शिरतो. पूर्ण वाढलेल्या नराचे धड डोक्यासह सुमारे साडेपाच इंच भरते. शेपटी त्याहून लांब असते. मादी बरीच लहान असते. मादी आणि पिले तपकिरी अंगावर गडद ठिपके व पांढुरके डाग ल्यालेली असतात. ती खडकावर निश्चल बसली म्हणजे जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाहीत.

विणीच्या काळातील नराचा थाट मात्र अगदी निराळा. त्याची पाठ शेंदरी, तांबडी किंवा पिवळी होते. पाय व शेपूट काळीभोर दिसतात. उंच शिळेच्या माथ्यावर बसून तो अंग वर-खाली करीत आपली हद्द जाहीर करतो. हे रंग काही सेकंदांत पालटतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना असे दिसून आले की, मादीपुढे येताना नराच्या पाठीचे व कुशीचे रंग एकमेकांपासून अधिक उठून दिसतात, तर प्रतिस्पर्धी समोर आला असता रंग अधिक झपाट्याने बदलतो. प्रणयात शोभेला महत्त्व, तर भांडणात वेगाला!

या थाटाचे मोलही त्याला द्यावे लागते. उघड्या माथ्यावरचा भडक रंग शिकारी पक्ष्यांच्या नजरेतून सुटत नाही. बहुतेक नर विणीचा एकच हंगाम पाहतात. मादी मातीत खळगा करून अंडी घालते आणि मुंग्या, भुंगे व इतर कीटकांवर पोसलेली पिले वर्षभरात स्वतः विणीला तयार होतात. थोडक्यात, एखाद्या टेकडीवरील सरड्यांची वस्ती दरवर्षी जवळपास नव्याने उभी राहते. एक-दोन हंगाम वाया गेले तर ती सावरणे कठीण होते.

म्हणूनच खडक फोडण्याचा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. हैदराबादच्या आसपासचे ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचे आहे. बंजारा हिल्स व ज्युबिली हिल्स या भागांतील कितीतरी शिळा शहराच्या वाढीत फुटल्या. त्या वाचविण्यासाठी १९९६ मध्ये तेथील नागरिकांनी एक संस्थाही स्थापन केली. शहराला हा सरडा अगदीच बुजतो असे नाही. बंगळूरच्या संशोधकांनी सरड्यांपुढे दोन आडोसे ठेवले, त्यांतील एकच सुरक्षित होता. तो कोणता, हे उपनगरांतील सरडे रानातल्या सरड्यांपेक्षा लवकर शिकले.

परंतु ही हुशारी कामी येण्यासाठी मुळात आडोसा शिल्लक असावा लागतो. तोडलेले झाड पुन्हा लावता येते. आटलेले तळे पावसाने पुन्हा भरते. सुरुंगाने उडविलेली शिळा मात्र कोणालाही पुन्हा उभारता येत नाही, आणि तिच्या भेगेत राहणाऱ्याला दुसरे घर नसते.