परवान्याअभावी अडलेले चित्र

वीसेक वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला प्रोजेक्टर अद्याप ठणठणीत असावा, त्याचा दिवाही नुकताच बदललेला असावा, आणि तरीही नव्या स्ट्रीमिंग-पेटीतला चित्रपट त्याने पडद्यावर उमटू देऊ नये, हा प्रकार प्रथमदर्शनी यंत्राच्या वार्धक्याचा वाटतो. परंतु पुण्याच्या तापकीर गल्लीतून बोलावलेल्या तरुण कारागिराशेजारी बसून मी जे पाहिले, त्यावरून उणीव सामर्थ्याची नसून दस्तऐवजाची आहे, अशी माझी खातरजमा झाली.

सामर्थ्य तर विस्मयकारकच आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये साधलेल्या सूक्ष्म-आरशांच्या चिपवर हा प्रोजेक्टर चालतो. 1280 गुणिले 720, म्हणजे 9,21,600 चिमुकले आरसे दर सेकंदाला हजारो वेळा कलंडून पडद्यावर प्रकाशाचा हिशेब मांडतात. मागच्या बाजूस मात्र एचडीएमआयचे भोक नाही, कारण त्या जोडणीची पहिली आवृत्तीच डिसेंबर 2002 ची, आणि घरोघरी रुळायला तिला आणखी काही वर्षे लागली. आहेत ती डीव्हीआयची रुंद खाच, पंधरा पिनांचे व्हीजीए आणि हिरवे, निळे व तांबडे अशी कंपोनंटची तीन भोके.

कारागिराने प्रथम डीव्हीआयची केबल लावली. पेटीने 5 व्होल्ट पाठवून चौकशी केली, प्रोजेक्टरने आपले नाव व आपणास मानवणारी चित्रमाने नमूद केलेली 128 बाइटांची कैफियत सादर केली, आणि पेटीचा मेनू पडद्यावर झळकला. मी उठून दिवे मालवले. चित्रपट सुरू झाला आणि पडदा काळाठिक्कर पडला. "काका, सिग्नल बरोबर येतोय," तो शांतपणे म्हणाला, "परमिशन मिळत नाहीये." एचडीसीपी नावाच्या बंदोबस्तानुसार चित्र स्वीकारणाऱ्या यंत्राजवळ चाळीस गुप्त कळांचा संच असावा लागतो, आणि आमच्या प्रोजेक्टरपाशी तो नव्हता; मेनूला परवान्याची गरज नसल्यामुळे तो सुटला आणि चित्रपट अडकला. ह्या जुन्या बंदोबस्ताची मूळ कळ 2010 मध्येच उघड्यावर आली होती व तो आखणाऱ्या इंटेलने ते मान्यही केले होते, तरी शिरस्ता चालूच राहिला. चोराला त्याची तोशीस नाही, आणि रीतसर वर्गणी भरणारा गृहस्थ मात्र नाक्यावर ताटकळतो, हा न्याय मला अजब वाटतो.

मग कंपोनंटचा मार्ग धरला. एका टोकास एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकास तीन रंगीत पिना असलेली जी स्वस्त केबल बाजारात मिळते, ती त्याने हातात घेऊन बाजूला ठेवली. नुसत्या तारेने अंकांचे रूपांतर चढउतारी विद्युत्‌प्रवाहात होत नाही, त्यासाठी स्वतःचा वीजपुरवठा, आणि पेटीला दाखवायला परवान्याच्या कळाही, असलेला कन्व्हर्टर हवा. तो जोडल्यावर चित्राऐवजी 'असमर्थित' अशा अर्थाची सूचना आली, कारण पेटी 1080 रेषांचे अखंड चित्र पाठवीत होती आणि प्रोजेक्टरच्या त्या भोकांची मजल 720 पर्यंतच होती. पण जो मेनू दिसतच नाही, त्यात जाऊन बदल करायचा कसा? त्यासाठी कारागिराने पिशवीतून छोटा मॉनिटर काढला, पेटी त्याला जोडून 720 चा हुकूम कायम केला आणि मग ती पुन्हा कन्व्हर्टरला लावली.

आता नायकनायिका हिरव्यागार झाल्या. प्रोजेक्टर त्या तीन तारांना तीन स्वतंत्र रंग समजत होता. वस्तुतः हिरव्या तारेतून साऱ्या चित्राचा उजेड येतो, व उरलेल्या दोहोंतून रंगांचे केवळ फरक. प्रोजेक्टरच्या मेनूतली एक नोंद बदलताच चेहऱ्यांवर माणसाची कांती आली.

आवाजासाठी कन्व्हर्टरमधूनच वेगळी तार ॲम्प्लिफायरकडे नेली, आणि तेवढ्यावर ते प्रकरण मिटले. ब्राइटनेसवर मात्र तो रेंगाळला: काळ्या कोटाचे दृश्य थांबवून, कोटाच्या चुण्या दिसाव्यात पण काळा रंग राखाडी होऊ नये, एवढ्या नेमक्या बिंदूपर्यंत तो एकेक अंक मागेपुढे सरकवीत राहिला. चित्राच्या कडा किंचित मऊ आहेत, हे मी बोलून दाखवले. ते त्याने नाकारले नाही. पेटीच्या नव्या आवृत्तीबरोबर 1080 आपोआप परत येण्याचा संभव असल्याने घरी एखादा जुना मॉनिटर असल्यास तो अडगळीत टाकू नका, अशी ताकीद देऊन त्याने मजुरीचा आकडा सांगितला.