कळण्याच्या पिठाची ब्राउनी

ब्राउनी हा केकचा दाट, ओलसर प्रकार आहे. तिच्या नेहमीच्या कृतीत मैदा, अंडी, लोणी आणि चॉकलेट असते. म्हणजे गहू, अंडे आणि दूध हे तीन मोठे अ‍ॅलर्जीकारक पदार्थ एकाच भांड्यात येतात. ते वगळायचे तर प्रत्येकाचे काम ओळखून त्याला वेगळा पर्याय द्यावा लागतो. असे बरेच पर्याय जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत.

गव्हाचे पीठ पाण्यात मळले की त्यातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने गुंतून ग्लुटेनचे लवचिक जाळे बनते. खापरावरचा मांडा हातावर फिरवत मोठा करता येतो तो या जाळ्यामुळे. सीलिअ‍ॅक आजारात मात्र ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. गहू आणि हा आजार यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा विकार आहे: त्यात अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, क्वचित जिवावर बेतते. या दोन्ही विकारांत गव्हाऐवजी ज्वारी वापरता येते.

ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून तिचे पीठ चिकटून राहत नाही. भाकरीसाठी ते गरम पाण्यात भिजवतात, कारण उष्णतेने स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. ज्वारीच्या स्टार्चला यासाठी सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमान लागते, गव्हापेक्षा जास्त. ब्राउनीत पाणी थोडे आणि साखर भरपूर. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे पीठ अर्धवट शिजते आणि दाताखाली रवाळ लागते. पिठाचा चौथा हिस्सा आधी उकडून घ्यावा आणि मिश्रण अर्धा तास मुरू द्यावे. हा दोष बराच जातो. पीठ कळण्याचे, म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेले, असेल तर आणखी चांगले. उडदात अरॅबिनोगॅलॅक्टन नावाचे बुळबुळीत कर्बोदक असते. ते आणि उडदाची प्रथिने मिळून हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. इडलीचे पीठ फुगते तेही यांच्याच बळावर. कडधान्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी मात्र नुसती ज्वारीच घ्यावी.

अंड्याची कामे तीन: ओलावा देणे, तेल-पाणी एकजीव ठेवणे आणि तापल्यावर घट्ट होऊन पदार्थ बांधणे. पहिल्या कामाला रावेर, यावल, चोपड्याचे केळे उत्तम. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कच्च्या केळ्यात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. पिकताना विकरे त्याची साखर करतात आणि एक-दोन टक्केच स्टार्च उरतो. म्हणून काळे ठिपके आलेले केळे घ्यावे, एका अंड्याऐवजी साधारण पाव वाटी. केळे तापल्यावर अंड्यासारखे घट्ट होत नाही. बांधणीसाठी चमचाभर जवसाची पूड तिप्पट पाण्यात भिजवून घालावी. रबराच्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना केळेही सोसत नाही. त्यांच्यासाठी उकडलेला लाल भोपळा वापरावा.

लोण्याऐवजी तेल चालते. तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून ते टाळावे. खानदेशात शेंगदाण्याचा वापर सढळ, पण घाणीच्या तेलात शेंगदाण्याची प्रथिने उतरतात. सूर्यफुलाचे तेल बरे. तयार चॉकलेटमध्ये अनेकदा दूध असते, त्यामुळे साधी कोको पावडर घ्यावी. ती किंचित आम्ल असल्याने चिमूटभर सोड्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. अक्रोड-काजूंच्या जागी भोपळ्याच्या बिया घालाव्यात. दूध-अंडे नसले म्हणजे पदार्थ निर्धोक झाला, असे समजणे धोक्याचे आहे: शेंगदाणे, काजू, सोयाबीन हे सगळे वनस्पतिजन्यच आहेत.

१७५ अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजून ब्राउनी पूर्ण गार झाल्यावरच कापावी. स्टार्च गार होताना घट्ट होतो. गरम असताना तुकडे मोडतात.

सर्वांत अवघड जागा पिठाची गिरणी. भारतीय नियमांप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. एक ग्रॅम कणकेत साधारण ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेल्या किलोभर ज्वारीत एवढी कणीक मिसळली तरी ग्लुटेन मर्यादेच्या चौपट होते. सीलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी ज्वारी निवडून, गहू कधीच न दळलेल्या घरघंटीवर दळावी आणि तिचा डबा, चाळणी, परातही वेगळी ठेवावी.