भंगाराचा धूर

घर बांधताना जालन्याची सळई कुणी ना कुणी सुचवतंच. ही सळई खाणीतल्या खनिजापेक्षा भंगारातून जास्त तयार होते. जुन्या गाड्यांचे पत्रे, रंगाचे डबे, तेलकट सुटे भाग, जस्ताचा मुलामा दिलेली पन्हाळी असं सगळं औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्टीत पडतं. भट्टी विजेवर चालते, म्हणून ती स्वच्छ असा सर्वसाधारण समज. पण इथला धूर मुख्यतः भंगाराचाच.

लोखंड वितळायला सुमारे 1500 अंश तापमान लागतं. जस्त 907 अंशांनाच उकळतं. त्यामुळे सळईचा रस तयार होण्याआधीच जस्त पांढुरका धूर होऊन निघून जातं. त्यापाठोपाठ रंगातलं शिसं आणि जळकं तेल. ही भट्टी धातू वितळवते, फारसा शुद्ध करत नाही; नको असलेलं एक तर मळीत जातं, नाही तर हवेत. तोंडावर धूर ओढणारं हूड आणि पुढे कापडी पिशव्यांचे फिल्टर असतात खरे. पण भंगार टाकायला हूड बाजूला सारावं लागलं, की सर्वांत दाट लोट नेमका तेव्हाच उठतो. शिवाय धूर ओढणारा पंखा वीज खातो, आणि तो बंद ठेवला म्हणून सळई काही वाकडी निघत नाही!

जस्ताचा धूर छातीत गेलेल्या कामगाराला काही तासांनी हुडहुडी भरते, ताप चढतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो, म्हणून तो ‘व्हायरल’मध्ये सहज खपतो. शिसं मात्र उतरत नाही. हाडांत साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. लोखंड-पोलादाच्या ओतकामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय.

असा धूर कोंडला की काय होतं, ते अमेरिकेतल्या डोनोरा गावानं पाहिलं. तिथं ऑक्टोबर 1948 मध्ये थंड हवेचा थर खाली बसला. जस्त आणि पोलाद कारखान्यांचा धूर कोंडला. 20 माणसं गेली, हजारो आजारी पडली. जालन्याला डोनोरासारखी डोंगरांची कोंडी नाही, पण हिवाळी पहाटे धूर इथंही वर जात नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जालना आहे. देशभरात त्यातला बहुतेक पैसा रस्त्यांच्या धुळीवर गेला, उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही, असं दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं 2024 मध्ये दाखवलं. प्रगती मोजतात ती हवेतल्या पीएम 10 कणांच्या वजनावर. रस्ता झाडला, पाणी मारलं, की जड धूळ बसते आणि आकडा सुधारतो; भट्टीचे कण इतके बारीक, की त्या वजनात ते जेमतेम भरतात.